काकूंची विहीर आणि सीझन तीन

५ जाने., रविवार
'दगडवाडी'च्या सीझन तीनचा टीझर शुक्रवारी आला. कितीदा पाहिला ते लिहीत नाही. विहीर, काठावर पुरुषाच्या चपला, शेवटी एका बाईचा हात. चेहरा नाही. आमच्या 'दगडवाडी पंचनामा' ग्रुपवर सगळे त्या हातावर तुटून पडलेत. ग्रुपचा नियम असा की नुसता अंदाज चालत नाही. पोलिसांसारखं लिहायचं, पुरावा एक, पुरावा दोन. पुरावा नसला की 'फेकाफेकी' असा शिक्का बसतो.
मागच्या सीझनला मी ज्याला खुनी ठरवलं तो तिसऱ्या भागात मेला. तेव्हापासून ग्रुपवरचे कोल्हापूरचे एक सर मला 'फितूर साक्षीदार' म्हणतात. मी हसण्याची इमोजी टाकते. पण लागतं.
दुपारी काकूंनी खालून हाक मारली. "वैशे, ये गं खाली, पावटा सोलायचाय." चार वर्षं झाली माण गावात यांच्या वरच्या खोलीत राहून. परभणीला आईसुद्धा इतक्या हक्कानं कामाला लावत नाही. त्यांच्या पूनमच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नाला महिना उरला, काकूंचं तोंड नुसतं चालू. "लता येनार हाय. पूनमला पैली हळद तीच लावनार, मी सांगून ठिवलंय. कुनाला काय बोलायचं ते बोलू दे." लता म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. नवरा गेला, ती माहेरी मुठ्याला गेली, अकरा वर्षं या घरात पाऊल नव्हतं, ते पूनमच्या सुपारीला पहिल्यांदा पडलं. विधवेच्या हातून पहिली हळद, म्हणजे गावात कुजबुज होणार. काकूंना पर्वा नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

८ जाने., बुध.
हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब पाऊण तास एका जागी. ग्रुपवर तोच विषय, हात कोणाचा. आणि डोक्यात एकदम काकू आल्या.
दिवाळीत त्यांनी मला सांगितलं होतं. लताबाईंचा नवरा, बबन, विहिरीत उतरून मोटरची केबल जोडत होता. लाईट गेलेली. काकूंना वाटलं तो जेवायला घरी गेला. लाईट आली तशी त्यांनी स्टार्टर दाबला. लोक म्हणाले वायर खराब होती, काकूंनीही तेच म्हणू दिलं. "बटन म्या दाबलं वैशे. मालकांनाबी ठावं न्हाई." मग विचारलं, लताला सांगू का? मी म्हणाले, सांगा. पूनमच्या सुपारीला लताबाई आल्या तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आक्का, मला म्हाईत हुतं. तू कधी सांगतीस त्याची वाट बघत हुते." दोघी न्हाणीघरात जाऊन रडल्या. हे सगळं काकूंनीच मला दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं.
कॅबमध्ये लिहून टाकलं. थिअरी: थोरली जाऊ, मोटरचं बटण, धाकटा दीर. फरक एवढाच की माझी थोरली मुद्दाम दाबते, जमिनीसाठी. नाव एकही नाही. विहिरीवरचं उंबराचं झाड आणि पावट्याचं वावर मात्र घातलं. शूटिंग मुळशीत चाललंय म्हणतात, तर जरा इकडचा रंग यावा म्हणून.

९ जाने., गुरु.
थिअरी उचलली लोकांनी! ऑफिसात सकाळपासून टेस्टिंगचं एक काम धड झालं नाही, सारखा मोबाईल. कोल्हापूरचे सर: "छान आहे, पण पुरावा? की नेहमीसारखं?" राग आला. लिहिलं, "पुरावा एक: माण गावात हे खरंच घडलंय. बटण दाबणाऱ्या बाईनं स्वतः सांगितलंय." सरांचं उत्तर आलं, "मानलं बुवा." दिवसभर हवेत होते.

१२ जाने., रवि.
ग्रुपमधल्या कोणीतरी माझ्या थिअरीचा व्हिडिओ केलाय. जाड्याभरड्या आवाजात वाचतोय, मागं कुठल्यातरी विहिरीचं चित्र. शीर्षक 'सीझन तीनमागची खरी मुळशी'. माणचं नाव दोनदा. खाली एकाची कॉमेंट: "ही आमच्या पाहुण्यांकडली विहीर दिसते. उंबरवाली."
व्हिडिओवाल्याला मेसेज केला, काढून टाका. तो म्हणतो, "ताई, क्रेडिट दिलंय की तुम्हाला." ग्रुपवरचं माझं लिहिलेलं पुसलं. त्याचा काय उपयोग, सगळीकडे फिरतंय ते.
संध्याकाळी काकूंनी पावट्याची आमटी दिली. खाली मान घालून घेतली.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
वाटी घेऊन तिळगूळ द्यायला खाली गेले, तेव्हा काकू फोनवर होत्या. उरवड्याहून पूनमची होणारी सासू. पूनमचा धाकटा दीर तिथल्या कारखान्यात आहे, त्याला कँटीनमध्ये कोणीतरी व्हिडिओ दाखवला. काकू एवढंच म्हणत होत्या, "खोटं हाय. साफ खोटं हाय ओ विहीणबाई." फोन ठेवून ओट्यावर बसल्या. सासूबाईंनी मानलं म्हणे. लग्न मोडणार नाही.
पण काकू लग्नाचं बोलतच नव्हत्या. "दोघींनाच ठावं हुतं. मला आन लताला. म्हंजी तीच बोलली."
मी समोर उभी होते, हातात तिळगूळ. त्यांनी मला मोजलंच नाही. मी त्यांना वेगळी अशी वाटतच नसेन, इतका विश्वास. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं काय, तर "तिळगूळ घ्या काकू." माझीच मला किळस आली.

१६ जाने., गुरु.
सकाळी काकूंनी लताबाईंना फोन लावला. अंगणात, मोठ्यानं. मी जिन्यात बूट घालत होते. "अकरा वरसं गप बसलीस ती ह्येच्यासाठी व्हय? माज्या पोरीच्या लग्नातच तोंड उघडायचं हुतं?" पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. काकू: "देवाची शपत नगं खाऊस." कट.
कॅब चुकवली, रिक्षा केली. रस्ताभर वाक्य जुळवत होते. काकू, ते मी लिहिलं. पाच शब्दसुद्धा नाहीत. ऑफिसात दुसऱ्याच्या कामातली चूक काढून वर तारखेसकट लिहिते मी, त्याचा पगार मिळतो. स्वतःची चूक सांगायची तर जीभ उचलत नाही.
खोली जाईल म्हणून गप्प आहे असं स्वतःला सांगते. खोटं. खोल्या काय, पैशाला पासरी मिळतात इथं. त्यांच्या तोंडची "वैशे" ही हाक जाईल म्हणून गप्प आहे.

१८ जाने., शनि.
दुसरा टीझर आला. तो हात मालिकेतल्या फौजदारबाईच्या आईचा निघाला, विहिरीत पुरुष नाहीच, चपला भलत्याच कोणाच्या. माझी थिअरी कचऱ्यात. ग्रुपवर पुन्हा 'फितूर', हसणारी तोंडं. आज हसण्याची इमोजी टाकली नाही. ग्रुप सोडला.
म्हणजे यासाठी. एका मालिकेत खुनी कोण हे आधी ओळखलं असं चार अनोळखी माणसांनी म्हणावं, यासाठी मी काकूंचं अकरा वर्षांचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं. वर त्यांना खुनीही केलं.
व्हिडिओखाली खोट्या नावानं लिहिलं, 'ही गोष्ट बनावट आहे.' लगेच एकाचं उत्तर, 'आता सारवासारव सुरू.'

१९ जाने., रवि.
अकराच्या सुमारास काकू स्वतः जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात, एरवी हाकच मारतात. मोबाईल पुढं केला. "मला लिवाय येत न्हाई त्यात. पूनमला सांगायचं न्हाई. तू लिव."
कोणाला, विचारायची गरज नव्हती.
त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. "हळदीला येऊ नगस. लग्नालाबी नगस. तुझा पाय माज्या दारात नगं. बबनच्या माघारी तुला भन मानलं हुतं." इथं थांबल्या. पदरानं डोळे पुसले. "वाच." वाचलं. "बरोबर हाय. तू हायेस म्हनून, न्हायतर कुनाकडनं लिवून घ्येनार मी असलं."
"काकू," मी म्हणाले. एवढंच. त्या म्हणाल्या, "काय गं?" खालून पूनमनं हाक मारली, मांडववाला आलाय. त्या कठडा धरून उतरू लागल्या. "धाडून दे आन मोबाईल खाली घिऊन ये."
मोबाईल इथं समोर आहे. मी लिहिलेला मजकूर तसाच आहे, पाठवलेला नाही. त्याच्या वर लताबाईंचा मागच्या आठवड्यातला मेसेज दिसतो. पलंगावर पसरलेल्या साडीचा फोटो, खाली लिहिलंय, 'आक्का हळदीला ही पिवळी नेसू का. कोण काय म्हणणार नाही ना.'
काकूंनी उत्तर दिलेलं नाही. लिहिता येत नाही त्यांना, माझ्याकडून लिहून घेणार असतील.
खालून हाक आली. "वैशे, धाडलं का गं?"
वही मिटते आणि खाली जाते. काय बोलणार आहे ते जिन्यात ठरेल.