सुनेला आणायला

बेलापूर, फेब्रुवारी १९९४

चि. सौ. उज्ज्वला,
आशीर्वाद.

माझा भाऊ गहिनीनाथ सावत्र मुलीला चटके देतो, हे तू पोलिसांत जाऊन सांगितलंस. तो सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, "पुरावा हाय का तुज्याकडं?"

तू म्हणालीस, "पुरावा पोलीस शोधतील, मामा. मी पाठ पाहिली, पोर बोलली ते ऐकलं, तेवढंच सांगितलं."

इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण इतकं स्वच्छ उत्तर मला वर्गात कधी मिळालं नाही. घरच्यांनी मात्र तुला माहेरी मिरजगावला धाडलं.

पोर आता आजोळी आहे. पुन्हा पाठीवर निजते, असा निरोप आलाय.

सासूनं सुनेला आणायला जायचं नसतं म्हणे. पत्र पोचायला चार दिवस लागतील, म्हणून हे टाकत नाही. उद्या पहिल्या एस.टी.नं मीच येते.

तुझी सासू,
विमल