पाचवं नाव

३ ऑगस्ट, सोमवार

बंद! फील्ड थिअरीचा वर्ग बंद! सूचनाफलकावर चार ओळींचा कागद — पाचपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर विषय शिकवला जाणार नाही. आम्ही चारच. गणिताच्या विभागात गणितच नकोय यांना! विभागप्रमुख बाईंना आम्ही पाठीमागे कुलूपबाई म्हणतो ते उगाच नाही. गेल्या वर्षी वाचनखोलीला कुलूप घातलं, या वर्षी विषयाला.

पहिल्या वर्षी आजोबांनी — म्हणजे बीजगणिताच्या सरांनी, तोंडावर अर्थात सरच — सांगितलं होतं की वर्गसमीकरणाला सूत्र आहे, तसं पाचव्या घाताच्या समीकरणाला नाही. अजून सापडलं नाही असं नव्हे. असूच शकत नाही! का, ते तिसऱ्या वर्षी फील्ड थिअरीत दाखवतो म्हणाले. दोन वर्षं मी त्या ‘का’साठी थांबलेय. आणि आता म्हणे, त्याऐवजी संख्याशास्त्र घ्या. डोंबल!

४ ऑगस्ट

कुलूपबाईंकडे गेले. मान वर न करता म्हणाल्या, नियम आहे. मी विचारलं, आजवर एकदा तरी लावलाय का हा नियम? चक्क संख्याशास्त्राचा अर्ज पुढे सरकवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आईला फोन केला. तर तिचं, अगं दुसरा विषय घे, आभाळ कोसळलंय का? कोसळलंय!

६ ऑगस्ट

पाचवं नाव मिळालं!! हॉस्टेलवर माझ्याच खोलीत राहणारी, अखंड बडबडणारी आमची टकळी. ही संख्याशास्त्राची, बीजगणित म्हटलं की ही पळ काढते. माझी खिडकीजवळची खाट दिली तेव्हा कुठे राजी झाली. वर अट — वर्गात झोपू द्यायचं. झोप बाई, घोर हवं तर, पण पटावर दिस!

पाचही जण आजोबांच्या खोलीत घुसलो. म्हटलं, सर, आम्हाला हा विषय हवाय आणि तुम्हीच हवे आहात.  ते म्हणाले, “मुलांना हवंय म्हटल्यावर मी नाही कसं म्हणू?”

पाच नावांचा कागद दिला तेव्हा कुलूपबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बरी जिरली.

१० ऑगस्ट

पहिला तास. आजोबांनी फील्डची व्याख्या फळ्यावर लिहिली. अक्षर तेच, सुंदर. पुसली. पुन्हा तीच लिहिली. मुद्दाम करताहेत वाटलं. तिसऱ्यांदा लिहून वळले आणि विचारलं, मागच्या तासाला आपण कुठे थांबलो होतो?

मागचा तास नव्हताच. कुणीतरी हसलं. आजोबाही हसले आणि त्यांनी पुन्हा डस्टर उचललं. मी म्हटलं, “व्याख्येवर, सर.” उरलेला वेळ त्यांनी आम्हाला पुस्तक वाचायला सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिले.

टकळी झोपली नाही.

११ ऑगस्ट

कुलूपबाईंशी भांडायलाच गेले. सरांना बरं नाही हे माहीत होतं, तर मदतीला कुणी का दिलं नाही? त्यांनी उठून दार लावलं.

“वर्ग बंद करा, असं सरांनीच सांगितलं होतं मला,” म्हणाल्या. “वर्षभर विसरताहेत. कुणाला कळू नये म्हणून तो नियम उकरून काढला. आता तुम्ही मागितलंत. आता ते माझं ऐकायचे नाहीत.”

मग आधी सांगायचं ना! आठ दिवस पोरांच्या शिव्या खायच्या आणि तोंड उघडायचं नाही, ही कुठली तऱ्हा? मला जरा बाजूला घेऊन बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? चडफडत बाहेर आले. आणि मी तरी काय — नाचत नाचत त्यांना फळ्यासमोर उभं केलं! मीच!

जेवण गेलं नाही.

१४ ऑगस्ट

नाव मागे घ्यायचा आज शेवटचा दिवस. माझं घेतलं. कारण विचारलं तर सांगितलं, विषयात रस नाही.

चारच उरले. वर्ग बंद झाला. सरांची अवस्था बघून पळाली, असं म्हणताहेत चौघंही. टकळी बोलत नाही माझ्याशी.