हाक्याच्या टोकाची गाडी

बाबा, तुमचा तो शिसवी रूळ माझ्याकडे आहे. वहीत रेघा मारायला तुम्ही वापरायचात तो, एका टोकाला दातांच्या खुणा असलेला. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होतात आणि म्हणाला होतात, "रेघ सरळ आली की निम्मा हिशेब झाला." इथे सिंगापूरला रेघा कुणी मारत नाही, सगळं कॉम्प्युटरवर आखूनच येतं. तरी गेली बारा वर्षं तो माझ्याबरोबर घरं बदलत आला, आणि आता पासिर रिसच्या या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर पडला आहे. शनिवारची दुपार आहे. ही मुलीला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली आहे. सोमवारी सकाळी साहेबांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि मला भीती वाटते आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण भीती वाटली की अजून तुमचीच आठवण होते. मुलं बापाचं नाक घेतात, मी तुमचं सशाचं काळीज घेतलं.

साहेब म्हणजे मी ज्यांचे पैसे सांभाळतो ते. सेम्बावांगच्या गोदीत फिटर म्हणून लागले, पुढे जहाजांच्या सुट्या भागांचा धंदा काढला, आणि आता रॅफल्स प्लेसला विसाव्या मजल्यावर त्यांचं खासगी ऑफिस आहे. तिथे आम्ही पाच जण फक्त त्यांचे हिशेब बघतो. माणूस वाईट नाही. आवाज मोठा, हात सढळ, पण आकडा गोल लागतो. यंदा साठी झाली म्हणून तीन मित्रांना घेऊन आफ्रिकेत रानरेड्याची शिकार करायची असं त्यांनी ठरवलं आणि मला बोलावून म्हणाले, "यू मेक द बजेट. वन हंड्रेड थाउजंड. मोअर दॅन दॅट, डोन्ट शो मी."

डोन्ट शो मी. ते हसतच बोलले होते. पण माझ्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्याची, मुदत दोन महिन्यांत संपत होती, आणि नूतनीकरणाचा फॉर्म त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. हल्ली इथे नियम कडक झालेत. आमच्याच मजल्यावरच्या एका पुणेकराला गेल्या वर्षी पास मिळाला नाही, तर मुलांच्या शाळेसकट त्याने महिन्याभरात घर आवरलं. त्याची वॉशिंग मशीन आम्हीच घेतली. ती लावली की मला दर वेळी धडकी भरते.

बजेट करायला बसलो तेव्हा बाबा, तुम्ही शेजारी येऊन बसलात. शिकारबंदी येण्याआधी तुम्ही नागपूरच्या त्या शिकार कंपनीत हेच करत होतात ना, परदेशी पाहुण्यांसाठी खर्चाचे अंदाज? तंबू, स्वयंपाकी, हत्ती, परवाने, आणि ढोल बडवत जनावर पुढे हाकणारे गावातले हाकेकरी. आता ढोल नाहीत, बाकी तेच. कॅम्पचं रोजचं भाडं दर बंदुकीमागे वेगळं. बंदुका तिथेच भाड्याने घ्यायच्या, कारण इथून बंदूक नेण्याचा विचारही कुणी करत नाही. काडतुसं नगावर. प्रत्येक जनावराची किंमत आधीच छापलेली. रक्ताचा एक थेंब दिसला की जनावर तुमचं झालं, मग ते सापडो न सापडो, पैसे भरायचे. कातडी खारवणं, शिंगांचं पॅकिंग, बोटीचं भाडं, इथे मुंडकं भरून भिंतीवर लावणं. मुलीने टेबलावरचा तो दरांचा कागद पाहिला आणि इथल्या 'लाह' लावायच्या बोलीत म्हणाली, "पप्पा, दिस इज लाइक मेनू, लाह." मी तिच्यावर विनाकारण ओरडलो.

त्यात एक विम्याची ओळ होती. कुणाला लागलं तर कॅम्पवर विमान बोलवायचं आणि मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचं. चार शिकाऱ्यांसाठी ती सक्तीची. तिच्याच खाली दुसरी ओळ, कॅम्पवरच्या आठ माणसांसाठी: माग काढणारे, कातडी सोलणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर. ही ऐच्छिक, हवी तर घ्या. आठ जणांचे मिळून जेवढे होत होते त्याहून एक मुंडकं भिंतीवर लावायला जास्त लागत होते. एकूण बेरीज मात्र लाखाच्या थोडी वर जात होती.

तेव्हा मला सातवीतली सहल आठवली. सरांनी खर्चाचा कागद करायला सांगितला होता, आणि मी तो याच रुळाने आखून मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवला. तुम्ही आरा गिरणीतून नुकतेच आला होतात, बाह्यांवर भुसा होता. "जेवणारे किती?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, बेचाळीस मुलं आणि दोन सर. "आणि गाडीचा ड्रायव्हर? रांधणारी बाई? तिच्यासंगची?" मी कागद पुन्हा वरपासून बघू लागलो. "ते लोक उपाशी राहतील काय रे?" तुमचा आवाज एवढा चढला की आई बाहेर आली. तुम्ही माझी वही अंगणात भिरकावलीत. "आधी माणसं मोज. सगळी माणसं. मंग पैसे." तुम्ही माझ्यावर हात कधी उगारला नाहीत, त्यामुळे ती भिरकावलेली वहीच मला माराहून जास्त लागली. एका सहलीच्या कागदावरून माणूस इतका का चिडतो, हे कळायला मला पस्तीस वर्षं लागली.

बजेट साहेबांकडे गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मंजूर होऊन आलं. मंजूर कागदावर चार माणसांची ओळ होती. आठांची नव्हती. बेरीज लाखाला दीडशे डॉलर कमी होती. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि जाताना म्हणाले, "युवर पास, आय कम बॅक आय साइन."

तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, थोसाई (आपला डोसाच तो) घेऊन बसलो होतो आणि फोन वाजला. साहेबांचा आवाज मी ओळखलाच नाही, इतका तो बारीक झाला होता. रेड्याला गोळी लागली होती, पण तो पडला नव्हता. झाडीत शिरला, वळला, आणि पुढे माग काढत चाललेल्या माणसाला त्याने शिंगावर घेतलं. "द मॅन इन फ्रंट," साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते. "प्लेन डोन्ट वॉन्ट टू कम. दे से ही नॉट इन द लिस्ट. व्हाय ही नॉट इन द लिस्ट?"

बाबा, मी त्यांना सांगितलं, सर, लिस्टमध्ये चारच माणसं आहेत. थोसाई पुढ्यात तशीच होती, आजूबाजूला ऑफिसची माणसं हसत जेवत होती. साहेब ओरडले, "पे लाह! हाउ मच अल्सो पे!" मी ऑफिसकडे धावलो. विमानवाल्यांना पैसे आधी खात्यात दिसायला हवे होते. बँकेला साहेबांची संमती हवी होती, आणि साहेबांच्या फोनला तिथे नीट रेंज नव्हती. विमान निघाल्याचा निरोप येईपर्यंत दोन तास चाळीस मिनिटं गेली. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून ती सगळी मिनिटं पाहिली. तेवढा वेळ तो माणूस झाडाखाली पडून होता, आणि साहेब आपला शर्ट काढून त्याच्या मांडीला घट्ट आवळून बसले होते. हे मला नंतर त्यांच्या मित्राने सांगितलं. माणूस वाचला. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्याला तीन मुलं आहेत, आणि माग काढण्याखेरीज दुसरं काम त्याने कधी केलेलं नाही.

साहेब परत आले. मुंडकं भिंतीवर लावायचं नाही म्हणाले. त्या माणसाच्या घरी दरमहा काहीतरी जावं याची सोय करायला सांगितलं, ती मी केली. काल त्यांनी मला आत बोलावलं. माझ्या पासचा फॉर्म टेबलावर होता, अजून कोराच. "इन्शुरन्स पीपल से दे ऑफर अस कव्हर फॉर द कॅम्प पीपल. दे ऑफर ऑर नॉट?" मी म्हटलं, बघून सांगतो सर, सोमवारी. त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आय डोन्ट रिमेंबर सीइंग. मेबी आय ओल्ड ऑलरेडी."

काल ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्वतःच्या आठवणीवर संशय घेताहेत, आणि मी गप्प राहिलो तर आपणच ती ओळ कापली अशी त्यांची खात्री होईल. ते शेवटपर्यंत तसंच समजून चालतील. माझा पास होईल, मुलीची शाळा राहील, वॉशिंग मशीन इथेच चालेल. खरं सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक नाही. रागावतील, की फॉर्म नुसता बाजूला सारतील? त्या सारण्याच्या आवाजाची मला जास्त भीती वाटते.

आणि म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही ती गोष्ट एकदाच सांगितली होतीत, आपल्या स्वयंपाकघरात. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, पाटावर बसून वरण-भाकर चुरत होतो. गावात कुणीतरी तुमच्या कंपनीच्या शिकारीत मेलेल्या एका हाकेकऱ्याचा विषय काढला होता, म्हणून आईने विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, हाका चालू असताना रानाच्या टोकाला एक गाडी उभी ठेवायची असते, कुणाला लागलं तर न्यायला. त्या वेळी ती नव्हती. जखमी बिबट्याने एकाला फाडलं, आणि लोकांनी त्याला खाटेवर घालून सडकेपर्यंत चालत नेलं. सडकेवर पोचले तेव्हा खाटेवर जिवंत माणूस उरला नव्हता. "अंदाजातून गाडी मालकांनी कापली होती," तुम्ही म्हणालात. आईने तव्यावरची भाकर उलटली आणि तुमच्याकडे न बघता विचारलं, "मालकांनी?" तुम्ही अर्धं ताट तसंच टाकून हात धुवायला उठलात. मला वाटलं, पोट भरलं असेल.

साहेबांनी ती ओळ कापली नाही, बाबा. त्यांना ती दिसलीच नाही. लाखाच्या वर दाखवू नकोस म्हणाले होते, म्हणून कागद त्यांच्याकडे जाण्याआधी मीच ती काढली. विचारलं असतं तर 'घाल लाह' म्हणाले असते, हे मला त्या दुपारच्या फोनवर कळलं. दारू कमी करता आली असती, एक मुंडकं कमी करता आलं असतं. पण त्याबद्दल कुणीतरी मला जाब विचारला असता. त्या आठ जणांबद्दल कुणी विचारणार नव्हतं.

हे पत्र मी रुळाभोवती गुंडाळून ठेवणार आहे, तुम्ही वर्तमानपत्र गुंडाळलं होतंत तसंच. सोमवारी काय बोलेन ते आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एवढंच सांगतो. काल जेवताना हिने विचारलं, त्या माणसाचा विमा का नव्हता? मी म्हटलं, साहेबांनी कापला. तिने आमटीचा डाव तसाच धरून विचारलं, "साहेबांनी?" आणि मी हात धुवायला उठलो.