कोऱ्या कापडाचा उजेड

आखाडा बाळापूर
६ जानेवारी २०२५

चि. प्रतिक्षास उकंडकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर सांगितलं की तू अर्धं ऐकतेस आणि उरलेल्या अर्ध्यात 'हो काका, हो काका' करतेस. म्हणून लिहून पाठवतोय. हा कागद भिंतीला टाचून ठेव.

मायच्या फोटोसाठी ती उजेड पाडायची घडीची गोल चंदेरी छत्री घ्यायची नाही. एवढी वर्षं स्टुडिओ चालवला, एकही विकत घेतली नाही. मला कोणी शिकवलं नाही, म्हणूनच असल्या खर्चाची सवय लागली नाही. काही जण चंदेरी पत्रावळ्या पुठ्ठ्यावर चिकटवतात. तो उजेड टोचतो. नवरीला चालतो, मायच्या म्हाताऱ्या डोळ्यांना नको.

तू पांढरं मांजरपाट घे. कोरं, बिनधुतलं. नीळ घातलेलं नको, त्याच्या उजेडात माणूस आजारी दिसतो. चार वेळू आणून चौकट बांध, कापड ताणून बसव, सुरकुती राहू देऊ नकोस. माय ओसरीत बसते तेव्हा उजेड दाराकडून येतो आणि पलीकडचा गाल अंधारात जातो. त्या गालाच्या बाजूला पडदा धरायचा. मात्र डोळ्यांच्या वर धरायचा, किंचित पुढे झुकवून. खालून उजेड आला की माणसाचं भूत होतं.

फोटो काढील तर उकंडच, असा मायचा हट्ट आहे म्हणतेस. तिला सांग, कॅमेरा उकंडचाच आहे, बोट तेवढं नातीचं. मी येणार नाही. वडिलांच्या तेरवीला तुझ्या बाबांनी भर पंगतीत विचारलं होतं, रडायला आलास का फोटो काढायला. ते माझ्या कानातून अजून निघालेलं नाही.

ती. मायला दंडवत. काम चोख कर आणि काकाला विसरू नकोस.

उकंडकाका

साखरा
१९ जानेवारी २०२५

ती. उकंडकाकांस प्रतिक्षाचा शि. सा. न. वि. वि.

काका, आधी कबूल करा की हसणार नाही.

तुमचा कागद घेऊन अल्लाबक्षचाचांच्या दुकानात गेले. पांढरं कोरं मांजरपाट मागितलं. चाचा एकदम हळू आवाजात विचारायला लागले की कोणासाठी. मी म्हटलं, आजीसाठी. वेळूचं काय, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, शेजारचे बाबूसिंगभाऊ तोडून आणून राहिलेत. चाचांनी कातर लावलीच नाही, टरकन फाडून दिलं, आणि भाव विचारला तर कानाला हात लावला. मला वाटलं, तुमच्या नावाची काय वट आहे!

घरी येऊन बसते तोच फातिमाचाची रडत दारात. डोक्यावर भाकरी-पिठल्याची पाटी. मागनं अर्धी गल्ली. दुपारच्याला आत्या शिरड शहापूरहून आली, ती गाडीतूनच हंबरडा फोडत उतरली. आजी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं आत्याला विचारलं, काहून रडून राहिलीस, कोण गेलं? नेमके त्याच वक्ताला बाबूसिंगभाऊ खांद्यावर हिरवे वेळू घेऊन आत आले. चार वेळू आणि कोरं कापड! काका, एवढे हुशार तुम्ही, पण हे मागवताना तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई?

आजी खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, खरंच मेले असते तर ही भाकर मला खाता आली असती का, आणा इकडं. सगळ्यांना जेवू घातलं. फातिमाचाचीला तर जवळ बसवून घेतलं. जेवणं चालू असताना एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिली आणि म्हणाली, सगळे आले, एक सोडून. बाबा ताटावरून उठून गोठ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी ती आपणहूनच नवं लुगडं नेसून बसली. म्हणाली, काढ बाई तूच. ज्याच्या हातचा पाहिजे, तो आता खऱ्या मयतीलाच येईल.

फोटो मोठा करून सोबत पाठवलाय. पडदा धरायला घरातलंच माणूस होतं. नाव लिहायचं न्हाई अशी ताकीद आहे. चूक असेल तर खुशाल रागवा, पण बोलणं सोडू नका. आपल्या घरात तेवढी एकच गोष्ट सगळ्यांना जमते.

तुमची,
प्रतिक्षा

आखाडा बाळापूर
२७ जानेवारी २०२५

चि. प्रतिक्षास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोटो भिंगाखाली घेऊन पाहिला. लुगड्याची किनार बराबर आली आहे. कपाळावरचं गोंदण उठून दिसतं. अंधारातला गाल उजळला, पण सुरकुत्या पुसल्या गेल्या नाहीत, हे मला आवडलं. वेळूचं मात्र मला हसू आलं नाही. चौकटीला वेळूच लागतो, लोकांनी काय समजावं हे कागदावर कसं लिहिणार?

चूक एक आहे आणि ती मोठी आहे. हनुवटीखाली उजेड जास्त झालाय. पडदा खाली धरला गेला. वर धर, असं मी स्पष्ट लिहिलं होतं.

कोणी धरला ते तू लिहिलं नाहीस. गरज नव्हती. डोळ्यात उजेडाचा जो ठिपका पडतो, त्यात समोरचं सगळं उमटतं. मायच्या बुबुळात पांढरी चौकट दिसते, आणि चौकटीच्या वर एक टोपी. तिरकी. आपल्या घरात टोपी तिरकी घालणारा एकच माणूस आहे.

तो माझ्याहून वीतभर उंच. लहानपणी मला खांद्यावर घेऊन बोरं तोडायला लावायचा. त्याला हा पडदा सहज डोक्यावर धरता यायला पाहिजे होता, तो छातीच्या वर गेलेला नाही. त्याच्या खांद्याला काय झालंय? केव्हापासून? हे तू मला का कळवलं नाहीस?

हा फोटो भिंतीवर लावू नकोस. कॅमेरा माझा, नाव माझं जातं. परत काढावा लागेल. खालची बाजू त्याने धरावी, वरची मी धरीन. बोट तुझंच राहू दे. रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. कापड धुऊ नकोस, आणि माय बसते ती जागा हलवू नकोस.

ती. मायला दंडवत. ती. दादाला कागदावर नमस्कार लिहीत नाही, समोर येऊन करीन.

उकंडकाका