बोकडाचा कान

अक्का, काल ती आली होती. तुझी लाडकी, रविवारच्या क्लासला जयनगरहून बस बदलून यायची ती. आता तिचाच चित्रांचा क्लास आहे, केस माझ्यासारखेच पांढरे झालेत. पण दारात चप्पल काढता काढता तिची नजर हॉलमधल्या तुझ्या बोकडाच्या चित्रावर गेली आणि माझ्याशी बोलायचं ती साफ विसरली. मी आपली दार धरून उभी. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आम्ही दोघींनी साठी ओलांडली, तरी माझं तेच जुनं दुखणं उठलं. मत्सर गं, दुसरं काय!

तो बोकड मला चांगला आठवतो. राजाजीनगरच्या घरी असताना गल्लीच्या टोकाच्या मटणवाल्याकडून तू त्याला चित्रासाठी मागून आणलं होतंस. बाबा म्हणाले, "लोक मटण आणतात, ही अख्खा बोकड उसना आणते!" तू अंगणात त्याच्यासमोर पाट टाकून बसलीस. आधी त्याच्या पाठीवरून, मानेवरून, गुडघ्यांवरून सावकाश हात फिरवायचीस. "हाड कुठंय ते हाताला कळू दे, मग पेन्सिल उचल," असं क्लासच्या मुलांना सांगायचीस. इतका वेळ माझ्या, पोटच्या लेकीच्या, डोक्यावरून कधी हात फिरवलास? वेणी घालतानासुद्धा तुला घाई. एकदा तू ब्रशचं पाणी बदलायला आत गेलीस, तेव्हा मी त्या बोकडाला बाजूला ढकललं आणि त्याच्या जागी जाऊन बसले. मान त्याच्यासारखी वळवून, अजिबात हलायचं नाही असं ठरवून. तू बाहेर आलीस, एक डोळा बारीक करून बघितलंस. "ऊठ गं, उजेड अडतोय," म्हणालीस. पुढे बोकड परत गेला, तेव्हा मला बरं वाटलं. त्याचं काय होणार ते ठाऊक असूनही बरं वाटलं.

बोकड गेला तरी ती येतच राहिली. घरी कन्नड बोलणारी पोर, आपल्या स्वयंपाकघरात बसून मराठी शिकली, आणि शिकली ती थेट तुझी मराठी, तुझ्या हेलासकट. पातेल्याच्या तळाचं खरपूस उप्पीट कायम माझं असायचं, ते तू एके दिवशी तिच्या ताटलीत खरवडून घातलंस. मी तोंड फुगवलं तर म्हणालीस, "लांबून येते ती. तू काय, घरचीच." या घरची असण्यापायी माझं किती काय काय गेलं ते तुला कधी कळलंच नाही. एकदा मी कागद घेऊन क्लासमध्ये बसले, तर आधी गणित पुरं कर म्हणून उठवलंस. केलं गणित पुरं. बँकेत नोकरी केली, निवृत्तही झाले. लग्नात तू मला हे चित्र दिलंस, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. ज्याच्यावर लहानपणी जळले तोच माझ्या सामानात! पण तिला न देता मला दिलंस, एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. घरं बदलली, आता लेकाच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहते, बोकड माझ्याबरोबर.

तर काल ती त्याच्यासमोर उभी. मी स्वयंपाकघरात कॉफी गाळतेय. हॉलमधूनच ती म्हणाली, "कान बघितलास?"

"काय झालं कानाला?"

"हा डावा. अगं, हा मी काढलाय. मी नुसतं झाडाचं पान काढावं तसा काढला होता, तर अक्का रागावल्या. 'स्वल्प, जरा उन्हात बघ ना, आरपार गुलाबी दिसतो,' म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन सगळा कान काढून घेतला." "तू नव्हतीस तेव्हा. तुला कोथिंबीर आणायला पाठवलं होतं."

कोथिंबीर! मी कॉफीचे कप बाहेर नेऊन ठेवले. मग तिने चित्र मागितलं. कायमचं नाही, चार-आठ दिवस, क्लासमधल्या मुलांना दाखवायला. "तूही ये, अक्कांबद्दल चार शब्द बोल," म्हणाली. काय बोलू मी? कोथिंबिरीबद्दल? बघते, म्हणाले. "सरी, ठीक आहे," म्हणाली आणि स्वतःचा कप विसळून ठेवून गेली.

आज सकाळी फोन करून तिला नाही म्हणून सांगितलं. चौकट खिळखिळी झालीय, नेता-आणताना मोडेल, असं काहीबाही. बहुतेक तिला खरं काय ते कळलं. तुला हे पोचणार नाही म्हणून तुला खरं लिहिते. मला ते चित्र कधीच आवडलं नव्हतं. इतकी वर्षं त्याच्यावरची धूळ पुसली, पण त्याच्याकडे धड पाहिलं म्हणून नाही. आणि कालपासून जेवताना, फोनवर बोलताना नजर तिथेच जाते. कानातून ऊन खरंच आरपार आलंय गं. कडेला बारीक लव आहे, आत एक नाजूक शीर आहे, हात लावला तर कोमट लागेल असं वाटतं. बघायला तू मला शिकवलं नाहीस, अक्का. तिने शिकवलं, माझ्याच घरात, एका वाक्यात. आता मला ते चित्र आवडतं, आणि म्हणूनच तिला देववत नाही.