आठ मीटरचा पट्टा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सेंद्रिय शेती प्रमाणीकरण कार्यालयातील निवृत्त निरीक्षक, शेतकऱ्यांमध्ये 'टेपबाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे डोके ठिकाणावर आहे. बाकीच्या शरीराबद्दल ते सहा महिन्यांच्या पलीकडचे काही बोलत नाहीत. हल्ली दुपारी मला फार झोप येते आणि दिसते ते स्वप्न की आठवण, हे नीट कळत नाही. मिळकतीच्या बाबतीत मात्र मी पूर्ण जागी आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची फायलींची खोली, माझ्या भाचीला, थोरल्या भावाच्या मुलीला, द्यावे. फायली तिने खुशाल रद्दीत घालाव्यात. खिडकीतल्या डब्यातली माती मात्र फेकू नये. तपासलेल्या प्रत्येक शेतातून मी चिमूटभर उचलत आले. ते नियमात बसत नव्हते.

२. माझे गमबूट आमच्या जुन्या साहेबांना द्यावेत. त्यांनी सगळ्या शेतांची तपासणी गाडीची काच खाली करून केली. बूट मापाला लहान होतील, पण ते घालायची वेळ साहेबांवर यायची नाही.

३. सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय धोरणाची हिरव्या पुठ्ठ्याची पुस्तिकाही भाचीलाच द्यावी. सरकार आम्हाला तीन दिवसांची रजा देताना तीन सह्या मागायचे. त्याच सरकारने लिहिले होते की जमिनीला तीन वर्षे औषध आणि रासायनिक खतापासून विश्रांती द्यावी, मगच तिच्या पिकाला सेंद्रिय म्हणावे. कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून मी ते वाचले आणि मला रडू आले. अजून स्वप्नात ती पुस्तिका उघडते, ओळींमधून गवत वर येते आणि कलमे आपापले क्रमांक घेऊन बांधावर बसलेली असतात.

या धोरणाचा मसुदा आमच्याकडे सूचनांसाठी आला होता. शेजारच्या शेतात फवारणी होत असेल तर मध्ये पाच मीटरचा मोकळा पट्टा सोडावा, असे त्यात होते. मी समासात लिहिले, 'वाऱ्याला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. आठ करावे.' अधिकाऱ्याला सवलत देता येईल, हे वाक्यही मी खोडायला सुचवले. दोन्ही मान्य झाले. सगळ्या नोकरीत सरकारने माझे तेवढेच ऐकले.

४. दादाविषयी. माझ्या थोरल्या भावाने मसुद्यावर विश्वास ठेवून, वर एक मीटर पदरचा घालून, सहा मीटर पट्टा सोडला आणि कडेने झाडे लावली. धोरण छापून आले तेव्हा झाडे कमरेएवढी झाली होती. त्याच्या तपासणीला दुसऱ्या कुणाला पाठवा, असे मी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. आपल्या हाताने दादाला पास करावे, अशी हौस होती.

टेपचे दुसरे टोक त्यानेच धरले होते.

"किती?"

"सहा."

"चालेल ना?"

"नाही चालणार, दादा."

त्याने टोक हळूच जमिनीवर ठेवले आणि तो घरात गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. एकोणीस वर्षे त्याचे धान्य साध्या बाजारात साध्या भावाने गेले.

आता जे कबूल करायचे ते करते. पट्ट्याच्या पलीकडचे शेत माझे होते, बाबांनी दिलेले. ते मी खंडाने दिले होते आणि फवारणी तिथेच होत होती. ती थांबवली असती तर पट्टा लागलाच नसता. देशभरच्या वाऱ्याची काळजी मी केली आणि स्वतःच्या शेताबाबत डोळ्यांवर कातडे ओढून बसले. दादाचा राग मापावर नव्हता, हे कळायला मला सतरा वर्षे लागली. मला त्याची लाज वाटते.

५. ते शेत मी दादाला देत आहे. खंड मोडून ते मी ताब्यात घेतले, त्याला आज आठशे एक्कावन्न दिवस झाले. तीन वर्षांना दोनशे चव्वेचाळीस कमी आहेत आणि ते माझ्याच्याने होणार नाहीत. सवलत मागायची सोय नाही, ती मीच खोडली. बँकेत असेल ते सगळे हाताने निंदणी करण्यावर खर्च करावे. औषधाचा थेंब पडू देऊ नये. मुदत भरली की दोन्ही शेते एकसारखी होतील आणि मधला पट्टा कुणालाच लागणार नाही. तो दादाने पेरावा. टेपही त्यालाच द्यावी, वेल चढवायला उपयोगी पडेल.

दुपारी डोळा लागला की मी त्या पट्ट्यात चालत असते. गवत गुडघ्याला लागते, पुढे दादा टोक धरून चाललेला असतो आणि टेप कधी ताणली जात नाही.

खाडाखोडीची नोंद: साक्षीदार क्रमांक दोनसमोर लिहिलेला 'दादा' हा शब्द मी स्वतः खोडला आहे. आत्याच्या कागदावर सही हवी आहे, एवढेच सांगून भाचीने त्याला आणले होते. तो आला, माझ्याकडे न बघता बसला, पेन उचलले. वकीलबाई म्हणाल्या, "थांबा, ज्यांना मिळकत मिळते त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं."

दादाने पेन खाली ठेवले. त्या दिवशी टेप ठेवली होती तसेच.

"मला?" तो म्हणाला. "मला काय ठेवलंयस?"

मी कागद पुढे केला. त्याने बोट ठेवून सगळा वाचला, चौथे कलम दोनदा. मग चष्मा काढून म्हणाला, "दोनशे चव्वेचाळीसच राहिलेत ना? तेवढे काढ. पट्टा मी एकटा पेरणार नाही."

मुदत वाढवून द्यायचा अधिकार कुणालाच नाही, हे मी त्याला सांगितले नाही.

साक्षीदार १: माझे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: ~~दादा~~ शेजारची शिंपीण (सही)
लिहून देणार: टेपबाई, दादाची धाकटी बहीण (सही)
ठिकाण: घराची मागची खोली, खिडकीजवळ
दिनांक: शेताच्या विश्रांतीचा आठशे एक्कावन्नावा दिवस