माती, साय आणि सूनबाई

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे नुसते आहेत, एवढंच सांगतो.

काल दिवसभर कानात एकच आवाज घुमतोय. आई एरंडेलाच्या बाटलीवर चमचा वाजवायची, तो. टिण् टिण् झालं की तू पलंगाखाली आणि मी तुझ्यामागे. (पाय माझेच बाहेर राहायचे, म्हणून पहिला चमचा मला.) तेव्हा जंत ही किती साधी गोष्ट होती गं! आता त्यांच्यापायी माझी रवानगी मागच्या खोलीत झालीय.

त्याचं असं झालं, मागच्या वाफ्यापाशी बसून मी नातीला माझीच एक रचना शिकवली. 'माती माझी साखर गं, माती माझी साय, चिमूटभर मिळाली की आणिक हवं काय!' चालीवर, हातवाऱ्यांसकट. आपल्या वेळी कवितेतलं चांदणं कुणी चाखायला जात नसे. ही पोर मात्र अर्थ समजून घेणारी. दोन-तीन महिने रोज वाफ्यापाशी जाऊन चिमूट-चिमूट तोंडात टाकत होती, आणि मला वाटायचं, काय गोडी लागलीय कवितेची!

मग पोट दुखायला लागलं, आणि परवा सकाळी जे बाहेर पडलं ते पाहून सूनबाईने किंकाळी फोडली. (वीतभर, गुलाबी. वर्णन आवरतं घेतो.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुटक्या गटाराचं पाणी वाफ्यात मुरतंय, त्या मातीत जंतांची अंडी वर्षानुवर्षं दम धरून असतात. पोटात गेली की पिल्लं आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशाशी येतात, गिळली जातात आणि पुन्हा आतड्यात येऊन संसार थाटतात. एवढी वणवण करून शेवटी घरी! मला गहिवरून आलं आणि तोंडातून "वा!" निघून गेलं. ताई, तिथे "वा" म्हणायला नको होतं.

"बाबा, पुरे झालं," सूनबाई म्हणाली. "आजपासून या घरात कविता बंद. आणि ही तुमच्याकडे बसणार नाही."

वाफ्यावर उद्या फरशी बसणार. तुझा लाडका भाचा "मी मध्ये पडत नाही" म्हणून जो कामावर गेला, तो जेवायलाच उगवतो. भिंतीपलीकडे पोर साबणाची जाहिरात गुणगुणते, अलीकडे मी तोंडाला कुलूप लावून बसतो. जंतालासुद्धा हक्काचं आतडं असतं गं. म्हाताऱ्याने कुठे जावं?

तुझा,
धाकटा

ता. क. वाफा गेला तर जाऊ दे. सूनबाई तुझा शब्द मोडत नाही. तिला एवढंच लिही, की संध्याकाळी घटकाभर पोरीला माझ्याकडे बसू दे. कविता नाही म्हणणार, पाढे म्हणू. (पाढे कुणी खाल्ल्याचं ऐकिवात नाही.)

ता. क. दुसरा: थांब, दार वाजलं. अगं, सूनबाई! एका हातात जंताची गोळी, दुसऱ्या हाताला नात.

"बाबा, कवितेशिवाय घेणारच नाही म्हणाली आणि जे तोंड मिटलंय... गोळीवर आहे का हो एखादी?"

ताई, झरे, पाखरं, ढग, सगळं पाठ आहे. गोळीवर एक ओळ येत नाही. आणि दोघी दारात उभ्या आहेत.